पल्लवी म्हणते

अक्का, तुझ्या सुनेचा, पल्लवीचा मला हेवा वाटतो. तू असतीस तर हे मी कधी बोललो नसतो, कारण तू आधी पोट धरून हसली असतीस आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिलाही सांगून आली असतीस. आता तुझ्यापाशीच राहील, म्हणून सांगतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात. ते काम तुझ्या दिवसकार्याला, गंधमुक्तीला आलेल्या माणसांनी चोख केलं. भिशीतल्या बायका म्हणाल्या, हात सढळ होता. दाजींचे केळीच्या गाड्या भरणारे दोस्त म्हणाले, वहिनींच्या दारातून कुणी चहाशिवाय परत गेलं नाही. अमळनेरचे तुझे व्याही म्हणाले, आमच्या पोरीला दुसरी आई मिळाली होती. हे शेवटचं ऐकताना माझ्या पोटात दुखलं. पण त्याहून जास्त एक गोष्ट खटकली. जळगावच्या त्या मांडवात एवढी माणसं होती आणि एकाच्याही तोंडून गरुडाक्षाचं नाव निघालं नाही.

त्यांना तरी कुठून माहीत असणार? केळीच्या व्यापाऱ्याची ही बायको धुळ्याला देवपुरातल्या दोन खोल्यांत हिंदी कॉमिक्स वाचून मोठी झाली, आणि निळ्या अंगरख्याच्या, पिवळ्या बुटांच्या एका वीराबद्दल तिची मतं विहिणीच्या मानपानाबद्दलच्या मतांहून पक्की होती, हे कोण कुणाला सांगणार? शंभर कोसांवरचा चोर ज्याला दिसतो पण ताटात काय वाढलंय ते दिसत नाही, असा आपला गरुडाक्ष. आई वाढताना भाजीचं नाव सांगणार आणि मगच तो घास घेणार. माझ्या वर्गातल्या पोरांना आग ओकणारे नि इमारती उचलणारे आवडायचे. त्यांना गरुडाक्ष बावळट वाटायचा. तू म्हणायचीस, बावळट नाही रे, जवळचं न दिसणारी माणसं फार असतात, आपले आबाच बघ. आबांना खरंच घरातलं काही दिसायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या नानांचं दुकान होतं. सुटे अंक पोरांच्या हातात टिकायचे नाहीत, म्हणून नाना पाच-सहा अंक एकत्र करून पुठ्ठ्यात बांधून घ्यायचे. गरुडाक्षाचे अंक बांधणाऱ्याने कडा कातरताना कागद असा काही धरला, की प्रत्येक पानाची खालची पट्टीच गेली. चित्रांतल्या माणसांचे पाय गेले आणि बोलण्याच्या फुग्यांमधली शेवटची ओळ गेली. असलं पुस्तक कोण भाड्याने नेणार? नानांनी ते तुला असंच देऊन टाकलं.

मला तेव्हा हिंदी धड वाचता येत नव्हतं. तू वाचायचीस, तेही हिंदीतून थेट आपल्या अहिराणीत. पान संपत आलं, ओळ कापलेली दिसली की मी विचारायचो, पुढे काय? तू म्हणायचीस, "मी सुट्टं वाचेल शे, बांधाना पहिले. माले पाठ शे." म्हणजे बांधायच्या आधीच सुटे अंक वाचलेत, पाठच आहेत. आणि पुस्तकातून नजर काढून, दाराकडे बघत ती ओळ म्हणायचीस. मला वाटायचं, पाठ असणारी माणसं अशीच बघतात. मला तेव्हाही तुझा हेवा वाटायचा. जे पुस्तक मला कापलेलं मिळालं ते तुला अख्खं मिळालं होतं.

शेवटच्या अंकातलं धरणाचं पान मी आयुष्यभर विसरलो नाही. पारद, म्हणजे पाऱ्याच्या अंगाचा तो दुष्ट, एकेकाळचा गरुडाक्षाचा लंगोटीयार, भिंतीवरून लोंबकळतोय आणि गरुडाक्षाने त्याचा हात धरलाय. पारद विचारतो, मला मारत का नाहीस? पुढच्या चित्रात गरुडाक्ष त्याला वर ओढतो. तोंडाजवळ फुगा आहे, फुग्यात एकच ओळ असावी, आणि नेमकी तीच कातरीत गेली. तू दाराकडे बघून म्हणालीस, "जाय भो. तू हारना नही, मी थकनू." जा भाऊ, तू हरला नाहीस, मीच थकलो. शत्रूला भो म्हणणारा वीर मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. पुढे लग्न झाल्यावर तुझ्या भावजयीशी वाजलं की मी हेच वाक्य म्हणून मोकळा व्हायचो. ती आजही समजते की हे मी माझ्या डोक्यातून काढलंय.

तुला जळगावला दिली. पुस्तक माझ्याकडे राहिलं, आठवण तुझ्याकडे. दाजींचा मला कधी हेवा वाटला नाही. चांगला माणूस आहे, पण त्यांचं सगळं लक्ष केळीच्या घडात. तुझ्या डोक्यातल्या त्या एका खोलीत ते कधी डोकावले नाहीत, आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो होतो. दर रविवारी सकाळी मी फोन करायचो. आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग तुझ्या निखिलच्या बँकेतल्या बदलीचं काय झालं, आणि हे सगळं उरकलं की आपण गरुडाक्षावर यायचो. पन्नाशीला टेकलेली बाई आणि केस पांढरे झालेला तिचा भाऊ पिवळ्या बुटांवरून भांडतायत हे कुणी ऐकलं असतं तर आपल्याला दवाखान्यात नेलं असतं.

मग मागच्या वर्षी गरुडाक्षावर मालिका आली. मोबाईलवर बघायची, दर शुक्रवारी एक भाग. आपलं ठरलं, आपापल्या घरी बघायची आणि रविवारी फोनवर भांडायचं. पहिल्या भागाला तुझी भावजय पाचव्या मिनिटाला उठून कुकर लावायला गेली, मी एकटाच चरफडत बसलो. सगळा अंधार. शहरात कायमचं भारनियमन चालू असल्यासारखा. निळा अंगरखा जाऊन काळं चामडं आलं. बूटही काळे. आई पहिल्याच भागात मारून टाकली, का, तर पोराला राग यावा म्हणून. आणि ज्याच्यामुळे तो आपला होता ते जवळचं न दिसणं, त्यावर त्यांनी चष्म्याची सोय केली. म्हणजे भरताचं वांगं भाजायचं, साल ताटात घ्यायचं आणि गर फेकून द्यायचा. मी रविवारची वाट बघत होतो. तू माझ्याहून जास्त तापली असशील याबद्दल मला शंका नव्हती.

तू म्हणालीस, आईचं वाईटच केलं. चष्म्याचंही वाईट. मी सुखावलो. मग तू म्हणालीस, "पण पल्लवी म्हणते..."

तिथून ते सुरू झालं. पल्लवी म्हणते, गरुडाक्षाची बहीण कुमुद हिला पहिल्यांदाच काहीतरी काम दिलंय. पल्लवी म्हणते, कॉमिक्समध्ये ती दर अंकात फक्त पळवून नेण्यासाठीच असायची का? तू म्हणालीस, संजू, मी इतकी वर्षं वाचलं पण मला हे कधी खटकलं नाही, हिला बघ पहिल्या भागात खटकलं. तुझ्या आवाजात कौतुक होतं. मी म्हटलं, जिने एक पान वाचलं नाही तिने उंटावरून शेळ्या हाकू नयेत. तू हसलीस आणि म्हणालीस, तू पुस्तक देत नाहीस, मग ती वाचेल कुठून?

हळूहळू कळलं की तुम्ही दोघी संध्याकाळी स्वयंपाकघरात मालिका बघता. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, तू लसूण सोलतेस, ती कणीक मळते, आणि मध्येच थांबवून बोलत बसता. शुक्रवारी बघायचं आणि शुक्रवारीच बोलून मोकळं व्हायचं. माझ्या वाट्याला रविवारी येणार ते शिळं. आपली खोली म्हणतो ती मी लहानपणापासून झाडली, सारवली, आणि ही पोरगी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. अक्का, ती चांगली मुलगी आहे हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त त्रास व्हायचा. वाईट असती तर तुझ्याकडे तिची चुगली करता आली असती. मी तेही करून पाहिलं होतं. फराळाला तिच्या चकल्या मऊ पडल्या असं म्हणालो, तर तू म्हणालीस, त्या मी केल्या होत्या.

शेवटच्या भागात धरण आलं. ही ओळ तरी ते बदलणार नाहीत असं वाटलं होतं. पारद लोंबकळतो, विचारतो, मारत का नाहीस? आणि तो काळ्या चामड्यातला मनुष्य एक शब्द न बोलता मूठ उघडतो. पारद पाण्यात. मालिका संपली. मला रविवारपर्यंत धीर धरवला नाही, मी तेव्हाच तुला फोन लावला. म्हटलं, यांनी मूळ वाक्य खाल्लं. एवढ्या मोठ्या लेखकाने लिहिलेलं वाक्य यांनी खाल्लं. तू म्हणालीस, तो सोडतो ते चुकलंच, पण बोलत नाही ते बरं आहे. थकलेला माणूस थकलो असं सांगत बसत नाही.

त्यावर आपण कितीतरी रविवार भांडलो. मी म्हणायचो, ते वाक्य म्हणजेच गरुडाक्ष. तू म्हणायचीस, ते वाक्य जरा जास्तच गोड आहे. मी म्हणायचो, तू कोण ठरवणार, तू काय त्या लेखकाहून मोठी? तू म्हणायचीस, नाही बा, मी कुठली मोठी. मला राग यायचा तो एवढ्यासाठी, की सगळ्या जगात ते वाक्य मूळ पानावर वाचलेली एकच व्यक्ती मला माहीत होती आणि तीच त्याची बाजू घेईना. मला पक्कं वाटत होतं की हे पल्लवीने तुझ्या डोक्यात भरवलंय. शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, "तुन्हं वाक्य तुन्हापाशी राहू दे संजू. आपण पुढला रविवारले दखू." तो रविवार आलाच नाही.

बुधवारी सकाळी निखिलचा फोन आला. चहा ठेवायला गेलीस आणि ओट्यापाशीच कोसळलीस. तो रडत होता आणि मागून कुणीतरी वयस्कर बाई त्याला सांगत होती, मामाला म्हण माहेरचं लुगडं घेऊन या, त्याशिवाय हलवता येणार नाही. तू अहेव गेलीस, म्हणजे हिरवी साडी माहेरची हवी, भावाच्या हातची. दुकानं उघडली नव्हती. कापडवाल्या शेठजींना घरी जाऊन उठवलं, त्यांनी अर्धं शटर वर करून आत घेतलं. त्यांनी दाखवलेली पहिलीच साडी मी घेतली नाही. तुला काठ बारीक लागायचा. तुझी भावजय बाहेर गाडीत रडत होती आणि मी काठ बघत होतो.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि सगळ्या रस्ताभर मांडीवर ती पिशवी धरून माझ्या मनात एकच होतं, की तू माझ्यासाठी थांबली आहेस. नवरा आहे, मुलगा आहे, लाडकी सून आहे, पण मी पोचल्याशिवाय तुला कुणी हलवू शकत नाही. लाज वाटावी असा विचार आहे, पण मला लाज वाटली नाही. अंगणात उतरलो तर भाऊ आला म्हणून सगळे उठून उभे राहिले, भाऊ वना, भाऊ वना. मग आतून पल्लवी आली. डोळे सुजलेले. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि आत गेली. साडी नेसवायचं काम बायकांचं. दार लागलं आणि मी बाहेर उभा राहिलो.

गंधमुक्तीच्या दिवशी पंगती उठल्यावर मी ओसरीवर बसलो होतो, पल्लवी चहा घेऊन आली. बसा म्हटल्यावर बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मीच विषय काढला. खरं सांगायचं तर तिला टोचायचं होतं. म्हटलं, अक्काचं नि माझं भांडण अर्धं राहिलं. तिने ते वाक्य मूळ पुस्तकात वाचलं होतं, पुस्तक बांधायच्या आधी, तरी ती मालिकेच्या बाजूने बोलत राहिली. तिला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "मामा, ते वाक्य पुस्तकातलं नाही. आईंनी केलेलं आहे."

मी म्हटलं, तिने सुटं वाचलं होतं. पल्लवी म्हणाली, नव्हतं वाचलं. आईंच्या हातात ते आलं तेच बांधलेलं. तुम्ही पुढे काय, पुढे काय करत बसायचात, जेवायला उठायचा नाहीत, म्हणून त्या मनाने ठोकून द्यायच्या. खालच्या सगळ्या ओळी त्यांच्याच. मालिका बघताना त्या दर वेळी थांबवायला सांगायच्या आणि म्हणायच्या, इथे मी संजूला अमुक सांगितलं होतं.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

पल्लवी अमळनेरची, घरात शुद्ध बोलते. पण तुझं वाक्य तिने तुझ्याच बोलीत सांगितलं. "आई म्हणायच्या, तेले सांगी दिधं ते मंग तो भांडाव नही. अन् भांडना नही ते फोन कसाले करी?"

अक्का, मी फोन केला असता. हे मला तुला सांगायचं राहिलं. भांडण नसतं तरी दर रविवारी केला असता, नुसतं पाऊसपाणी विचारायला केला असता. तुला हे माहीत नव्हतं, की माहीत असून खात्री नव्हती? आणि खात्री नव्हती तर ती कुणामुळे नव्हती, हे मी आता कुणाला विचारू?

घरी येऊन मी ते पुस्तक काढलं. पहिल्यांदा राग आला. जे मला आयुष्यभर सांगितलं नाहीस ते तिला एका वर्षात लसूण सोलता सोलता सांगून टाकलंस. तुझ्याच वाक्यासाठी मी तुझ्याशी भांडत होतो आणि तू पलीकडे पदरात तोंड खुपसून हसत असशील, शेजारी ती उभी. पण पानं उलटत गेलो तसं कळेनासं झालं, की मला आवडला तो गरुडाक्ष नेमका कुणाचा. वरचा सगळा त्या लेखकाचा, मारामाऱ्या, उड्या, धडाम धुडूम. खाली जिथे तो माणसासारखा बोलतो तिथे कागद कापलेला. लेखकाचा गरुडाक्ष कदाचित त्या मालिकेतल्यासारखाच असेल, मला काय माहीत. माझा वीर तू केलास, तोही मला ताटावर बसवण्यासाठी. नंतर स्वतःच म्हणालीस की ते वाक्य जास्त गोड आहे. म्हणजे इतक्या वर्षांनीही तू ते दुरुस्त करत होतीस आणि मी तुला करू देत नव्हतो.

एक मात्र आधीचं राहिलं सांगायचं. गंधमुक्तीच्या दिवशी निघताना पल्लवी फाटकापर्यंत आली होती. म्हणाली, मामा, आईंना सगळ्या ओळी आठवत नव्हत्या, तुम्हाला आठवत असतील तर सांगा ना. मी नाही म्हणणार होतो. तिचा चेहरा बघून पायरीवर बसलो. आठवतील तशा सांगितल्या. आई वाढते तिथली, कुमुदला सोडवतो तिथली, पारद पहिल्यांदा पळतो तिथली. ती ऐकता ऐकता रडली, मीही रडलो. एका ओळीला तर दोघं हसलो. मग तिने विचारलं, अजून आहेत? मी म्हटलं, नाही, संपल्या.

खोटं बोललो. तुझ्या हळदीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मी गच्चीवर रुसून बसलो होतो. सातवीत होतो, हिंदी फाडफाड वाचत होतो, कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. तू पिवळ्या हातांनी पुस्तक घेऊन वर आलीस, गरुडाक्ष शहर सोडून निघतो आणि कुमुद दारात उभी असते ते पान उघडलंस आणि वाचायला लागलीस. पानाच्या तळाशी आलीस तेव्हा पुस्तकातून नजर काढलीस. त्या दिवशी दाराकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस आणि एक ओळ म्हणालीस. इतकी वर्षं मी समजत होतो की ती गरुडाक्ष कुमुदला म्हणतो. काल ते पान बघितलं. तिथे कापलेला फुगासुद्धा नाही, कागदाची कातरलेली कड आहे, दुसरं काही नाही. ती ओळ तू मला म्हणाली होतीस. पल्लवीला ती माहीत नाही, मी आडून आडून विचारून खात्री करून घेतली आहे. मी तिला सांगणार नाही, आणि इथेही लिहीत नाही. ती माझी एकट्याची आहे, अक्का.